ऑफा राजाच्या सोन्याच्या नाण्यावर अरबीत कलमा आहे, मग तो मुसलमान झाला होता का?

नाही. उत्तर एवढंच, पण प्रश्न बघितला आणि डोकंच सणकलं, कारण याच नाण्याचा फोटो घेऊन आमच्या एका भावोजींनी गणपतीत सगळ्यांसमोर माझ्याशी वाद घातला होता. भावोजी इंग्लंडला असतात, त्यामुळे तिकडच्या इतिहासावर शेवटचा शब्द त्यांचाच. मी आपला नाणी गोळा करणारा, म्हणजे त्यांच्या मते भंगारवाला.

त्यांचं म्हणणं, हा मर्सियाचा, म्हणजे आठव्या शतकातल्या मध्य इंग्लंडमधल्या राज्याचा, राजा गुपचूप धर्म बदलून बसला होता आणि म्युझियमवाले ते दडवतात. मी म्हटलं, भावोजी, फोन आडवा धरा, अरबी ओळी सुलट दिसू देत. आता त्यांच्या मधे रोमन अक्षरात 'ऑफा रेक्स', म्हणजे लॅटिनमध्ये 'ऑफा राजा', आहे ना, ते वाचा. ते उलटं! वाचायला म्हणून त्यांनी फोन फिरवला तर ऑटो रोटेटने फोटोपण फिरला, परत अरबी सुलट आणि ऑफा खाली डोकं वर पाय. हे दोन-तीनदा झालं, सगळे हसायला लागले, मग आत्याने मोदकांचं ताट पुढे केलं आणि विषय मिटला, म्हणजे त्यांच्यापुरता मिटला.

अहो, नाणं पाडणाऱ्याला अरबी येतच नव्हतं. समोर होता अब्बासी घराण्यातल्या खलिफा अल-मन्सूरचा हिजरी 157 चा, म्हणजे इ.स. 773-74 चा दिनार, सोन्याचं नाणं, तो त्याने नक्षीसारखा बघून बघून उतरवला, सालासकट आणि चुकांसकट. अब्बासी दिनाराचं सोनं चोख, त्याला दूरदूरच्या बाजारात मान. आपल्याकडे मराठ्यांच्या टांकसाळीतल्या रुपयांवर फारसीत मुघल बादशहा शाह आलमचं नाव असायचं, त्यावरून पेशव्यांचा धर्म ठरवतो का कोणी?

आणि माणूस कसा होता ते तरी बघा. 757 मध्ये आधीच्या एथेलबाल्ड राजाला त्याच्याच अंगरक्षकांनी मारलं, त्या गोंधळात बेओर्नरेड म्हणून एक जण गादीवर बसला होता त्याला हाकलून ऑफा आला तो 796 ला मरेपर्यंत हलला नाही. शेजारचं केंटचं राज्य ताब्यात ठेवायचं होतं, तिथल्या कँटरबरीचा आर्चबिशप, म्हणजे चर्चचा बडा धर्माधिकारी, आडवा यायला लागला, तर पठ्ठ्याने पोपची मंजुरी आणून स्वतःच्या मर्सियात लिचफील्डला वेगळा आर्चबिशपच बसवला! 787 मध्येच मुलाला, एक्गफ्रिथला, स्वतः जिवंत असताना राजा म्हणून अभिषेक करवून घेतला. 794 ला शेजारच्या ईस्ट अँग्लियाच्या राजाचं मुंडकं उडवलं. वेल्सच्या बाजूला त्याच्या नावाचा तो मातीचा बांध, ज्याचा खंदक मुद्दाम वेल्सकडच्या अंगाला आहे. राणी किनेथ्रिथच्या नावाने नाणी पाडली, अँग्लो-सॅक्सन, म्हणजे त्या काळच्या इंग्लंडमधल्या, राण्यांमध्ये हा मान फक्त तिलाच. त्याच्या चांदीच्या पेन्यांवर क्रॉस आहेत, पण ते फोटो कोणी फॉरवर्ड करत नाही. फ्रँक लोकांचा बलाढ्य राजा शार्लमेन त्याला पत्रात 'भाऊ' म्हणतो, तलवार आणि रेशमी झगे पाठवतो, रोमला जाणाऱ्या यात्रेकरूंना आडकाठी नाही असं कळवतो. एवढं करून मुलगा बापामागे पाच महिन्यांच्या आत गेला, आणि अल्क्विन नावाच्या त्या काळच्या इंग्रज पंडिताने सरळ लिहिलं की बापाने मुलाच्या राज्यासाठी जे रक्त सांडलं त्याचीच ही फेड. माझ्या मते ऑफाबद्दल बोलायचं तर यावर बोला, एका नाण्यावर काय अडकून बसता.

हां, एक सांगायचं राहिलं, हे नाणं नेमकं कशासाठी पाडलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. काही म्हणतात व्यापारासाठी. काही वेगळंच म्हणतात: ऑफाने रोमला दरवर्षी 365 मँकस, म्हणजे सोन्याची नाणी, द्यायचं कबूल केलं होतं, पोप तिसऱ्या लिओच्या पत्रात तसं आहे, आणि हे नाणं त्यातलं असावं. तसं असेल तर कलमा कोरलेलं सोनं थेट पोपच्या तिजोरीत. आता भावोजी म्हणणार, पोपपण त्यातलाच.