बोनस लोनमध्ये टाकू की चवथीला (गणेश चतुर्थीला) ठेवू?

प्रश्न : ताई, फोंड्याला फ्लॅट घेतलाय, ३० लाखांचं लोन, साडेआठ टक्के, २० वर्षं, हप्ता २६ हजार. बोनस लोनमध्ये भरूया म्हणते तर नवरा म्हणतो आधी चवथ होऊ दे. काय करू?

उत्तर : अगं चवथ काय टळणार आहे का, गणपतीवर टांगायची फळांची माटोळी, पाहुणे, सगळं आलंच, म्हणून त्याचे पैसे आतापासूनच दरमहा थोडे थोडे बाजूला काढ म्हणजे बोनसला हात लागणार नाही. वर्षाला एकच हप्ता जादा भरलास तरी लोन साधारण साडेतीन वर्षं आधी संपतं! फ्लोटिंग, म्हणजे बदलता रेट असेल तर बँक अशा जादा भरण्यावर चार्ज लावू शकत नाही. फक्त लेखी दे, हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा. आणि चार-पाच महिन्यांचा घरखर्च एफडीत नसेल तर आधी ती कर हं.