सहा मित्र, एक दुखरा गुडघा आणि महिन्याचा एक रविवार

तुमच्या प्रश्नातलं मला समजलं ते असं: कॉलेजपासूनचे सहा मित्र, सगळे चाळिशीच्या आसपास, सगळे पुण्यात. दर महिन्याला एक रविवार डोंगरात घालवायचा असं ठरलं, दोनदा गेलात आणि आता ग्रुपवर नुसतं "बघू, ठरवू" चाललंय. एकाचा गुडघा दुखतो, दोघांना डोंगराची सवय नाही, एकाला कॅमेरा घेऊन निवांत बसायचं असतं. आणि तुम्ही विचारताय, आता कुठले ट्रेक करू?

ठिकाणं सांगतोच. पण आधी वेगळं लिहितो, कारण तुमची अडचण ठिकाणांची नाही. असा ग्रुप टिकणार की नाही, हे सगळ्यात हळू चालणाऱ्याचा दिवस कसा गेला यावर ठरतं. तो धापा टाकत टप्प्यावर पोचतो, तेवढ्यात मघापासून बसलेले बाकीचे "चला" म्हणून उठतात, आणि त्याला दिवसभरात एकदाही धड बसायला मिळत नाही. तो काही बोलत नाही. पुढच्या महिन्यात मात्र त्याला काम निघतं, मग त्याच्या सोबतीने येणारा दुसराही गळतो. म्हणून आमच्या ट्रेकच्या ग्रुपमध्ये पहिल्यापासून पद्धत आहे की शेवटचा माणूस पोचल्यावर, त्याने पाणी पिऊन श्वास घेतल्यावर विश्रांतीची वेळ सुरू होते. सगळ्यात दमदार गडी पुढे चालत नाही, तो शेवटी चालतो. बॅकलीड म्हणतात त्याला. त्याच्या मागे कोणी राहायचं नाही, हा एकच नियम पाळलात तरी माणसं चुकण्याचे बरेचसे प्रकार टळतात. पुढे वाट माहीत असलेला, पण सावकाश चालणारा माणूस ठेवा. प्रत्येक फाट्यावर त्याने थांबायचं, मागचे दिसले की मगच पुढे. सह्याद्रीत ढोरवाटा जागोजागी फुटतात आणि त्या मुख्य वाटेपेक्षा ठळक दिसतात, त्यामुळे ही शिस्त सोडू नका.

तारीख दर वेळी ठरवायला गेलात की संपलं. "दुसरा रविवार" म्हणजे दुसरा रविवार. सहांपैकी चौघं आले तरी निघायचं. चारच्या खाली आलात तर डोंगराऐवजी सिंहगडाच्या रुळलेल्या वाटेवर किंवा वेताळ टेकडीवर जा, पण घरी बसू नका. चार का? कोणाला लागलं तर एक त्याच्याजवळ थांबतो आणि दोघं मिळून मदतीला गावात जातात. एकट्याला धाडावं लागत नाही. खर्च एकाने करायचा आणि त्याच रात्री हिशोब ग्रुपवर टाकून सगळ्यांनी पैसे पाठवून द्यायचे. मैत्रीत पैशाचा विषय निघत नाही, तो मनात साचतो, आणि मग पुढचं ठरवायचा उत्साहच जातो.

गुडघ्याबद्दल. चढताना दम लागतो म्हणून लोक चढाला घाबरतात, पण गुडघ्याला खरा त्रास उतरताना होतो, कारण प्रत्येक पावलाला अंगाचा भार त्याच्यावर आदळतो. उंच, ओबडधोबड पायऱ्या सगळ्यात वाईट. आधी डॉक्टरांना विचारून घ्या. त्यांनी हो म्हटलं तर दोन काठ्या द्या त्याला, उतरताना थोड्या लांब करून. पावलं लहान टाकायची, गुडघा किंचित वाकलेला ठेवायचा, मोकळ्या उतारावर सरळ खाली न येता नागमोडी यायचं. त्याची सॅक दुसऱ्याने घ्यायची आणि हे घरून निघतानाच ठरवायचं. वाटेत मागून घेतलीत तर तो कधीच देणार नाही.

आणि जागा अशा निवडा की त्याला वेगळ्या मार्गाने त्याच ठिकाणी पोचता येईल. माझ्या मते हा तुमच्या ग्रुपचा मुख्य निकष असावा. राजमाचीच्या किल्ल्याचंच बघा. लोणावळ्याहून गडाच्या कुशीतल्या उधेवाडी गावापर्यंतची वाट साधारण पंधरा किलोमीटर, लांब आहे पण बरीचशी सपाट, आणि पावसाळा सरल्यावर तिथे जीपगाड्या जातात. कर्जतच्या बाजूने कोंदिवड्याहून कोंढाणे लेण्यांवरून येणारी वाट छोटी, पण अंगावर येणारा चढ. म्हणजे चौघं कोंदिवड्याहून चढताहेत, गुडघेवाला आणि कॅमेरावाला लोणावळ्याहून जीपने येताहेत, आणि शनिवारी संध्याकाळी सहाही जण उधेवाडीत एकाच अंगणात बसलेत, असं जमतं. गावात जेवणाची आणि मुक्कामाची सोय घरोघरी होते, फक्त आदल्या दिवशी फोन करून माणसं किती ते सांगायचं. भाकरी, पिठलं, ठेचा. तंबू आणि स्टोव्ह नेऊ नका. किल्ल्यांवरच्या मुक्कामाला बऱ्याच ठिकाणी मनाईही आहे, आणि गावात राहिलात तर दोन पैसे तिथल्या घरात जातात, शिवाय रात्रीच्या गप्पांतून वाटांची जी माहिती मिळते ती कुठल्याच नकाशात नसते.

राजमाचीला घाई करू नका. श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले, बोरघाटावर नजर ठेवायला बांधलेले. सकाळी श्रीवर्धन करा, त्याचा दुहेरी तटाचा चिलखती बुरूज नीट फिरून बघा आणि ढाकच्या डोंगराकडे तोंड करून अर्धा तास बसा. ज्याचा गुडघा दुखतो त्याने तलावाकाठच्या जुन्या शिवमंदिरापर्यंत चालावं, तो सपाटीचा रस्ता आहे आणि ती जागा कुठल्याही बालेकिल्ल्याइतकीच देखणी आहे. पावसाच्या तोंडावर, मेअखेर ते जूनमध्ये, इथे काजवे असतात. नर मादीला बोलावण्यासाठी चमकतो आणि आपण टॉर्च, गाडीचे दिवे, मोबाइलचा फ्लॅश मारून त्या बोलावण्यातच अडथळा आणतो. जायचं असेल तर शनिवार टाळा, दिवे बंद ठेवा आणि झाडाखाली गवतात पाय टाकू नका, माद्या बऱ्याचदा जमिनीलगत असतात.

ट्रेकच करायला हवा असंही नाही. जानेवारीत भिगवणला जा. उजनी धरणाच्या फुगवट्यात हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, कुंभारगावातले मच्छीमार पहाटे नावेतून नेतात. चित्रबलाक, पट्टकादंब, थापट्या, सुरय, नुसतं मोजत बसलात तरी सकाळ जाते. पहाटे चार-साडेचारला पुणं सोडा, ऊन चढल्यावर पक्षी लांब जातात. नावाड्याला "अजून जवळ घ्या" असं म्हणू नका, थवा उडाला की त्यांचं खाणं मोडतं. कॅमेरावाल्याला हा दिवस द्या, त्या दिवशी बेत त्याने आखायचा. फार उपयोगी पडतं हे. दर महिन्याला एकेकाच्या आवडीचा बेत असला की बाकीचे पाच जण काहीतरी नवीन शिकतात. कोणाला आकाश आवडत असेल तर अमावास्येच्या आसपासचा शनिवार धरून मृग, व्याध, रोहिणी, कृत्तिका ओळखायला बसा, डिसेंबरच्या 13-14 तारखेला मिथुन राशीतला उल्कावर्षाव असतो. नव्या दोघांनाही असं काहीतरी काम द्या. वाट बघणारा, वेळ बघणारा, पाणी किती उरलं ते विचारणारा. ज्याच्याकडे काम असतं तो रविवारी सकाळी फोन बंद ठेवत नाही.

कळसूबाई लगेच नको. 1646 मीटर म्हणजे राज्यातलं सर्वोच्च शिखर, म्हणून पहिल्याच वर्षी सगळ्यांना तिथे जायचं असतं. बारी गावातून सलग चढ आहे, शिड्या आहेत, सुट्टीच्या दिवशी शिड्यांवर रांगा लागतात, आणि उतराई गुडघ्याचा जीव काढते. चार-पाच महिने चालून झालं की फेब्रुवारीतला एखादा मधला वार बघा. हरिश्चंद्रगडही तसाच, आणि तो पाचनईच्या वाटेने. खिरेश्वरहून टोलार खिंडीने लांब पडतं, आणि नळीची वाट, म्हणजे कोकणकड्यालगतच्या घळीतून चढणारी अवघड वाट, तुमच्यासाठी नाहीच, व्हिडिओ कितीही चांगले दिसोत. कोकणकड्यावर गेलात तर कडा पोटावर झोपून बघायचा, काठावर उभं राहून फोटो नाही.

पावसाळ्याबद्दल मी जरा कडक बोलतो. जून ते ऑगस्ट धबधब्यांवर जाऊ नका. पुणे आणि रायगड जिल्ह्यांत दर पावसाळ्यात धोक्याच्या ठिकाणी जायला मनाई होते, ती उगाच होत नाही. तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि वर घाटमाथ्यावर ढग रिकामा होत असतो. ते पाणी ओढ्यात उतरायला मिनिटं पुरतात. स्वच्छ पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा वाहून यायला लागला, की त्याच क्षणी काठ सोडायचा. ओढा गुडघ्याच्या वर असेल तर ओलांडायचा नाही, पलीकडे गाडी दिसत असली तरी नाही. थांबायचं. पाऊस उघडला की पाणी बहुतेक वेळा दोन-चार तासांत उतरतं. हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड इशारा असेल तर शनिवारी रात्रीच बेत रद्द करा आणि त्याऐवजी कोणाच्या तरी घरी भजी तळा, पण भेटा. शेवाळावर कुठलाच बूट टिकत नाही, मग तो ॲक्शनचा असो की डिकॅथलॉनचा. सप्टेंबर सरत आला की मात्र सह्याद्री खरा सुंदर होतो: सोनकी, तेरडा, कासचं पठार. कासला आधी ऑनलाइन नोंदणी करून मधल्या वारी जा.

उन्हाळ्यात वेगळी भीती, आग्या मोहोळाची. कड्याखाली पोळी लटकलेली दिसली की अत्तर, धूर, आरडाओरडा काही नको. माश्या उठल्याच तर हात न झटकता तोंड, मान झाकून त्या जागेपासून लांब पळायचं. सापाच्या बाबतीत इतकंच: कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. माणसाला शांत ठेवा, अवयव हलू देऊ नका आणि प्रतिसर्पविष असलेल्या सरकारी दवाखान्यात शक्य तितक्या लवकर न्या. रेंज असेल तर 112 लावा. कोणी दरीत पडलं किंवा हरवलं तर महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरची हेल्पलाइन आहे, नंबर सहाही फोनमध्ये असू दे. आणि कुठे चाललोय, किती वाजेपर्यंत परत येणार, हे घरी एकाला तरी लेखी कळवून ठेवा.

परत फिरायची वेळ सकाळीच ठरवा. नोव्हेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे साधारण एक वाजला की जिथे असाल तिथून मागे, माथा समोर दिसत असला तरी. हे वर ठरवायला गेलात तर वाद होतो.

खाण्याचं फार लिहीत नाही, दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, चटणी, चिक्की, खजूर, आणि माणशी निदान तीन लिटर पाणी. टाक्यातलं पाणी गाळून, उकळून मगच.

आता दिवाळीनंतरचा तुमचा पहिला ठरलेला रविवार. लोहगड करा. सकाळच्या लोणावळा लोकलने मळवलीला उतरा, द्रुतगती मार्ग ओलांडून भाजे गाव, आणि ऊन चढायच्या आत लेणी. इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकातली आहेत, चैत्यगृहाच्या छताला लाकडी कमानी अजून आहेत, तिथे घाईने फोटो काढून निघू नका. तिथून गायमुख खिंडीतून लोहगडवाडी. ज्याचा गुडघा दुखतो त्याने गाडीने थेट लोहगडवाडीला यावं, म्हणजे त्याला फक्त गडाच्या पायऱ्या उरतात आणि परतीला थकलेल्या एखाद्याला गाडीत जागा मिळते. गणेश, नारायण, हनुमान, महादरवाजा अशा क्रमाने वर या आणि विंचूकाट्याकडे, म्हणजे गडाच्या लांब निमुळत्या सोंडेकडे, तोंड करून जेवा, खाली पवना धरणाचं पाणी दिसतं. विंचूकाट्यावर उतरायला थोडा कातळ आहे, तिथे ज्याला नको वाटेल त्याने वरूनच बघावं आणि त्याच्यासोबत एक जण थांबावा. दुपारी लोकल कमी असतात, परतीची वेळ आधी बघून ठेवा. लोकलमध्ये बसल्या बसल्याच पुढच्या महिन्याचा बेत कोणाचा ते ठरवून टाका.