वाचकांचे प्रश्न : टीम लीड नेमली, पण तिचे तास कोणी मोजले?

प्रश्न : पुण्यात आमची 14 जणांची जाहिरात एजन्सी आहे. जानेवारीत आमच्या सर्वांत हुशार डिझायनरला टीम लीड केलं. तिच्या हाताखाली 5 जण आहेत. तेव्हापासून कामं उशिरा जातात आणि ती रात्री 11 पर्यंत बसून इतरांच्या फाइल्स दुरुस्त करते. आमची निवड चुकली का?
– एजन्सीमालक, पुणे

उत्तर : निवडीवर इतक्यात शिक्का मारू नका, आधी तिचे तास मोजा. आठवड्यात हातात खरे 40 तास येतात. पाच जणांशी प्रत्येकी अर्धा तास स्वतंत्र बोलायचं म्हटलं तर अडीच तास जातात. प्रत्येकाचं काम रोज अर्धा तास तपासलं, तर आठवड्याचे साडेबारा. क्लायंटचे कॉल 4, कामाची वाटणी आणि ब्रीफ (क्लायंटला काय हवं, याची माहिती) समजावणं 3. झाले 22. म्हणजे तिच्या स्वतःच्या डिझाइनसाठी 18 तास उरतात आणि ऐनवेळच्या कामांसाठी तीन-चार बाजूला ठेवले, तर 14-15च. तुम्ही मात्र तिच्याकडून पूर्वीइतकंच, 35 तासांचं काम धरून बसला असाल, तर बेरीज 57 होते. रात्रीचे 11 तिथून येतात.

तेव्हा निम्म्याहून जास्त डिझाइनचं काम तिच्या नावावरून आजच काढा. ते कोणाकडे जाणार, हेही तुम्हीच ठरवा. बिलात जे तास कमी पडतील, ते व्यवस्थापनाचा खर्च म्हणून रिटेनरच्या (क्लायंटकडून दरमहा मिळणाऱ्या ठरलेल्या फीच्या) हिशेबात धरा. हा खर्च टाळणारे मालकच पुढे म्हणतात, की चांगला डिझायनरही गेला आणि चांगला लीडही मिळाला नाही.

आता फाइल्सचं. काम तिच्यापुढे अगदी शेवटी येत असेल, तर स्वतः दुरुस्त करण्यावाचून तिला मार्ग नसतो. तपासणी दोनदा ठेवा : कच्चा लेआउट झाल्यावर 10 मिनिटं आणि क्लायंटला जायच्या किमान 4 तास आधी एकदा. तिने शेरा लिहायचा, पण फाइल उघडायची नाही. वर्तमानपत्राची जाहिरात तासाभरात सोडायची असेल, तर अपवाद करावा. मग दुसऱ्या दिवशी त्या डिझायनरला शेजारी बसवून काय बदललं आणि का, हे दाखवायचं.

सर्वांत मोठा धोका तुमच्याकडून आहे, हे स्पष्ट सांगतो. क्लायंटचा फोन आला की मालक थेट ज्युनिअरला व्हॉट्सॲप करतो, 'हे जरा लगेच करून दे.' एवढ्याने लीडचं सोमवारचं नियोजन कोसळतं आणि टीमला कळतं, की खरं वजन कुठे आहे. तुमचं प्रत्येक काम तिच्याकडूनच जाऊ द्या. रजा मागायला कोणी थेट तुमच्याकडे आलं, तर आधी एवढंच विचारा, 'लीडशी बोललात का?'

तिचे अधिकार अर्ध्या पानावर लिहून टीमसमोर वाचा. कोणतं काम कोणी करायचं, 2 दिवसांपर्यंतची रजा, ठरलेल्या रकमेपर्यंत फ्रीलान्सर घेणं : हे ती स्वतः ठरवेल. पगार, ताकीद, क्लायंटला सूट : हे तुम्हाला विचारून.

पहिले 3 महिने दर आठवड्याला 45 मिनिटं तिच्यासोबत बसा. 'कसं चाललंय?' असं विचारलंत तर 'ठीक' एवढंच ऐकायला मिळेल. त्याऐवजी विचारा, 'या आठवड्यात कोणाचं काम तू स्वतःकडे घेतलंस? कोणाशी बोलायचं राहून जातंय?' आणि पुढच्या वेळी कोणाला बढती द्यायची असेल, तर गणपती ते दिवाळी हा हंगाम टाळा. तेव्हा शिकवायला कोणालाच वेळ नसतो.

प्रश्न : मी नवी टीम लीड आहे. टीममधली माझी जुनी मैत्रीण सारखी उशिरा फाइल देते. मैत्री न तुटता कसं सांगू?
– वाचक, नाशिक

उत्तर : ग्रुपवर 'सगळ्यांनी वेळ पाळा' असं लिहू नका. जिला उद्देशून लिहिता तिला ते लागतं आणि बाकीचे विनाकारण दुखावतात. उशीर झाल्यापासून 2 दिवसांच्या आत तिच्याशी एकटीशी बोला आणि घडलेल्या गोष्टीपासूनच सुरुवात करा : 'मंगळवारची फाइल 12 ला हवी होती, ती साडेचारला आली. त्यामुळे क्लायंटचा कॉल पुढे ढकलावा लागला. कुठे अडलं?' मग गप्प राहा, तिला बोलू द्या. बऱ्याचदा कारण निघतं ते अर्धवट ब्रीफ. कारण काहीही असो, पुढची वेळ तिच्याच तोंडून ठरवून घ्या आणि दोन ओळींत तिला पाठवा. सुरुवातीला माफी मागू नका, कौतुकाची प्रस्तावनाही नको. मुद्दा त्यात बुडतो. असंच तिसऱ्यांदा झालं, तर मालकांच्या कानावर घाला, पण तसं करणार आहात हे तिला आधी सांगा.

प्रश्न : क्लायंटच्या माणसाचे रात्री नको ते मेसेज येतात, असं टीममधल्या एका मुलीने मला विश्वासाने सांगितलं. 'कोणाला सांगू नकोस' म्हणते. मी काय करू?
– टीम लीड, ठाणे

उत्तर : 'कोणालाच सांगणार नाही' असं वचन देऊ नका आणि त्या माणसाला स्वतः फोनही करू नका. स्क्रीनशॉट जपून ठेवायला तिला सांगा. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानुसार 10 किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती असावीच लागते. त्याहून लहान कार्यालयांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. लेखी तक्रारीची मुदत शेवटच्या घटनेपासून 3 महिने आहे, हे तिला आजच सांगा. तक्रार करायची की नाही, हा निर्णय तिचा. कामाच्या निमित्ताने संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनही कर्मचाऱ्यांना सुरक्षित ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. म्हणून तिच्याशी बोलून, शक्यतो तिला सोबत घेऊन मालकांकडे जा. त्या क्लायंटचा संपर्क दुसऱ्याकडे द्या, पण तिच्या हातातलं चांगलं काम मात्र काढून घेऊ नका.