सुई न टोचणाऱ्या घड्याळाच्या एजन्सीसाठी एफडी मोडावी का?

प्रश्न : तालुक्याच्या गावी माझं मेडिकल स्टोअर आहे. बोट न टोचता, प्रकाशाच्या साहाय्याने रक्तातली साखर दाखवणाऱ्या मनगटी घड्याळाची एजन्सी मिळते आहे. ४० घड्याळं घ्यायची, जीएसटीसह प्रत्येकी ६,५०० रुपये. छापील किंमत ९,९९९. माल परत घेणार नाहीत. ११ हजार रुपये टोकन दिलं आहे. उरलेल्या रकमेसाठी ३ लाखांची एफडी मोडावी का?

उत्तर : मोडू नका. आधी हिशेब पाहू, कारण तो कागदावर चांगला दिसतो आणि तिथेच माणूस फसतो. ४० घड्याळांचे २ लाख ६० हजार होतात. पूर्ण छापील किमतीला विकली, तरी घातलेलं भांडवल जवळजवळ परत यायला २६ घड्याळं खपावी लागतात. नफा सत्ताविसाव्यापासून. ग्राहक हजार-पंधराशेची सूट मागणारच, आणि आकडा ग्लुकोमीटरशी जुळला नाही म्हणून काही घड्याळं परतही येतील. ती तुम्हाला घ्यावी लागतील. वितरक तुमच्याकडून घेणार नाही. शिवाय एफडी मुदतीआधी मोडली की ठरलेला दर मिळत नाही. जितका काळ ठेव राहिली त्या काळाचा दर लागतो आणि त्यातूनही बहुतेक बँका अर्धा ते एक टक्का कापतात. दुकानाला खरोखर भांडवल हवं असेल, तर एफडीवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ठेव न मोडता तिच्या तारणावर लागेल तेवढी उचल, घ्या. व्याज ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त, तेही वापरलेल्या रकमेवरच.

पण व्याजापेक्षा मोठी अडचण मालाचीच आहे. साखर १०० आहे म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅम, रक्ताच्या जेमतेम ०.१ टक्का ग्लुकोज. त्याच्या आजूबाजूला पाणी, प्रथिनं, चरबी, आणि तेही प्रकाश शोषतात. ग्लुकोजची त्यातल्या त्यात वापरता येण्याजोगी खूण अवरक्त प्रकाशात सुमारे १,५०० ते १,७०० आणि २,१०० ते २,३०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात सापडते. स्वस्त घड्याळाच्या पाठीवर असतात ते हिरवे, लाल आणि ८५०-९४० नॅनोमीटरचे अवरक्त एलईडी. ते नाडी आणि ऑक्सिजन मोजण्यासाठी आहेत. त्यांचा सिलिकॉन डिटेक्टर, म्हणजे परत आलेला प्रकाश टिपणारा भाग, १,१०० नॅनोमीटरच्या पुढे जवळपास आंधळा असतो. पुढचं पाहायला इंडियम-गॅलियम-आर्सेनाइडचा डिटेक्टर लागतो आणि तो महाग असतो. म्हणून वितरकाला एकच गोष्ट लेखी विचारा : एलईडीची तरंगलांबी किती आणि डिटेक्टर कोणता? उत्तर आलं नाही, किंवा ९४० च्या आतलं आलं, तर पडद्यावरचा आकडा नाडी, वय, जेवणाची वेळ आणि ॲपमध्ये भरून घेतलेलं जुनं रीडिंग यांवरून काढलेला अंदाज आहे.

हे संशोधनच खोटं आहे, असं मात्र नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने सॅमसंगबरोबर २०२० मध्ये रामन वर्णपटाने, म्हणजे लेझरचा प्रकाश रेणूंवरून कसा विखुरतो ते पाहून, त्वचेतून ग्लुकोजची थेट खूण टिपल्याचं प्रसिद्ध केलं. पण ते प्रयोग भूल दिलेल्या डुकरांवर, प्रयोगशाळेतल्या लेझर उपकरणाने झाले होते. आपल्याकडच्या नव्हे, अमेरिकेच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) २१ फेब्रुवारी २०२४ रोजी लोकांना बजावलं, की त्वचा न टोचता साखर मोजण्याचा दावा करणारी घड्याळं आणि अंगठ्या वापरू नका. अशा एकाही उपकरणाला आम्ही मान्यता दिलेली नाही.

बीआयएस, सीई, आयएसओ असे शिक्के दाखवले तर भुलू नका. बीआयएसची नोंदणी घड्याळाच्या विद्युत सुरक्षिततेसाठी असते, साखरेच्या अचूकतेसाठी नाही. मागायचा कागद म्हणजे वैद्यकीय उपकरण म्हणून परवाना : आयात माल असेल तर एमडी-१५, भारतात बनला असेल तर वर्गानुसार एमडी-५ किंवा एमडी-९. त्यात वापराचा उद्देश म्हणून ग्लुकोज मोजणी लिहिलेली हवी. इन्व्हॉइसही बरंच सांगतं. सप्टेंबर २०२५ पासून ग्लुकोमीटर आणि स्ट्रिपवर ५ टक्के जीएसटी आहे, स्मार्टवॉचवर १८. बिलात १८ टक्के लावले असतील, तर विकणाराच सरकारदरबारी त्याला साधं घड्याळ म्हणतो आहे.

कायद्याची बाजू तुमच्यासाठी जास्त गंभीर आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ८६ नुसार उत्पादक कोण ते कळत नसेल, किंवा त्याच्यावर नोटीस बजावता येत नसेल, तर विक्रेता जबाबदार धरला जाऊ शकतो. तुम्ही स्वतः वेगळी हमी दिली आणि ती खोटी ठरली, तरीही. काउंटरवर ‘अगदी बरोबर दाखवतं’ असं म्हणणं त्यात येऊ शकतं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी घेणाऱ्याची साखर धोकादायकरीत्या खाली, ५५ वर आली आणि मनगटावर ११८ दिसत राहिलं, तर तो साखर खाणार नाही. एका मार्जिनसाठी ही जोखीम घ्यावी, असं मला मुळीच वाटत नाही.

तरी खात्री करायची असेल, तर एक नमुना मागा. आधी तो गुंडाळलेल्या टॉवेलला बांधा. तिथेही साखर दिसली, तर पुढे काही तपासायची गरजच नाही. नाही दिसली, तर घरच्या किंवा ओळखीच्या मधुमेही व्यक्तीच्या नेहमीच्या तपासणीच्या वेळी घड्याळाचा आकडा आधी लिहा, मग ग्लुकोमीटरचा. ॲपमध्ये खरं रीडिंग भरू नका, नाहीतर ते तोच आकडा फिरवून दाखवेल. उपाशीपोटीच्या आणि जेवणानंतरच्या मिळून ४० जोड्या जमवा. ग्लुकोमीटरसाठीचा आयएसओ १५१९७ निकष असा आहे : १०० आणि त्यावरच्या साखरेला ९५ टक्के रीडिंग १५ टक्क्यांच्या आत, १०० च्या खाली १५ मिलिग्रॅमच्या आत. म्हणजे १८० ला १५३ ते २०७. सरासरीवर जाऊ नका. ७० च्या आसपास आणि २५० च्या वर काय दिसतं ते पाहा. अंदाजावर चालणारं घड्याळ तिथेच उघडं पडतं.

मधुमेहाच्या सामानात पैसे घालायचे असतील, तर ३०-४० हजार पुरेत. दोन चालत्या कंपन्यांच्या स्ट्रिप, लॅन्सेट (बोट टोचायच्या सुया), दोन-चार मीटर ठेवा. स्ट्रिपची एक्स्पायरी पाहून माल उचला आणि मुदत संपल्यावर बदलून मिळेल का, ते स्टॉकिस्टकडून आधीच ठरवून घ्या. दंडावर लावायचा १४ दिवसांचा सेन्सर साठवू नका, ऑर्डर आली की मागवा. त्याचा बारीक तंतू त्वचेखाली जातो, हेही ग्राहकाला सांगा.

आता टोकन. वितरकाला आजच ईमेल करा : परवान्याची प्रत आणि चाचणीचा अहवाल ७ दिवसांत द्या, नाहीतर ११ हजार परत करा. यूपीआयची पावती आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं जपून ठेवा. पुनर्विक्रीसाठी घेतलेल्या मालाला ग्राहक आयोगाचा दरवाजा सहसा उघडा नसतो, त्यामुळे वेळ आली तर वकिलाची नोटीस आणि दिवाणी दावा हाच मार्ग राहतो. एवढ्या रकमेसाठी तो खर्च परवडेलच असं नाही. पैसे परत आले नाहीत, तरी ‘टोकन वाया जाईल’ म्हणून उरलेले २ लाख ४९ हजार भरू नका.