कामाइरीचा : भाजलेला की परतलेला?

प्रश्न असा आला आहे: जपानहून कुणीतरी 'कामाइरीचा' नावाचा हिरवा चहा आणून दिला. याला मराठीत 'भाजलेला हिरवा चहा' म्हणावं का? आणि तो पिण्यासाठी करण्याच्या क्रियेला कोणतं क्रियापद वापरावं?

माझं मत 'परतलेला'च्या बाजूनं आहे. का, ते सांगतो.

चहाचं पान खुडलं की ते आपोआप काळवंडायला लागतं. हिरवा चहा हिरवा ठेवायचा तर पानातलं विकर (एन्झाइम) उष्णतेनं लगेच निकामी करावं लागतं. जपानात बहुतेक चहासाठी हे काम वाफेवर होतं. क्योतोजवळच्या उजी भागातल्या नागातानी सोएन यांनी १७३८ मध्ये सेंचाची, म्हणजे जपानातल्या नेहमीच्या हिरव्या चहाची, जी रीत बसवली, तीत पानं आधी वाफवतात, मग वळून वाळवतात. कामाइरीचात वाफ नाही. ताजी, ओली पानं तापलेल्या लोखंडी कढईत टाकून सतत खालीवर करतात. ही रीत चीनमधून क्यूशू बेटावर आली आणि आजही मुख्यतः तिथेच, म्हणजे सागामधल्या उरेशिनोत, मियाझाकीतल्या ताकाचिहो-गोकासेच्या डोंगरात आणि कुमामोतोत टिकून आहे. जपानच्या एकूण चहात तिचा वाटा अगदी किरकोळ.

आता शब्द. 'कामा' म्हणजे मोठी कढई, 'इरी' हे 'इरु' या क्रियापदाचं रूप. जपानी माणूस तीळही 'इरु'च करतो, त्यामुळे कोशात पाहिलं तर 'भाजणे' मिळेल आणि ते चूक नाही. पण मराठीत भाजणे म्हणजे एकतर थेट विस्तवावर (वांगं, कणीस, पापड), नाहीतर मुळात कोरड्या जिनसा (रवा, शेंगदाणे), आणि त्यात रंग बदलणं अपेक्षित असतं. इथे पानं ओली आहेत, रंग राखायचा आहे, आणि हात थांबला तर पान करपतं. मेथी कढईत पडली की चर्र होऊन ढीग खाली बसतो, तसंच पहिल्या काही क्षणांत इथे होतं. याला आपण परतणे म्हणतो. 'परतायला तेल लागतं' हा आक्षेप मला पटत नाही. पोहे कोरडेच परतून घ्या, असं आपण सर्रास म्हणतो. शिवाय 'इरी'साठी जे चिनी अक्षर लिहितात, तेच चिनी स्वयंपाकात परतण्यासाठी वापरतात.

'भाजलेला' हा शब्द राखून ठेवायला आणखी एक कारण आहे: होजिचा. तो तयार, वाळलेला चहा पुन्हा तपकिरी होईपर्यंत भाजून करतात. दोघांना एकच विशेषण दिलं तर घोटाळा ठरलेला. वासालाही हाच भेद लावता येतो: होजिचा खरपूस, कामाइरीचा खमंग. या खमंगपणाला जपानीत 'कामाका', म्हणजे कढईचा वास, असा वेगळा शब्द आहे. सेंचाला मात्र 'उकडलेला' म्हणू नये. उकडीचे मोदक वाफेवर होतात हे खरं, पण उकडलेली अंडी पाण्यात असतात. 'वाफवलेला' म्हटलं की शंका उरत नाही.

उच्चाराबद्दल कुणी विचारलं नाही, तरी सांगतो. 'कामाइरीचा' वाचताना मराठी माणूस शेवटचा 'चा' षष्ठीचा समजून 'घराचा'मधल्या दंत्य च-सारखा म्हणतो आणि पुढे चहा शोधतो. तो च 'चहा'तला, तालव्य आहे. खेड्यातल्या 'च्या'सारखं 'कामाइरीच्या' लिहावं तर पुन्हा विभक्तीच गळ्यात पडते! जोडाक्षराच्या भानगडीत न पडता 'कामाइरी चहा' लिहावं हे बरं.

राहिलं करण्याचं क्रियापद. 'उकळणे' नको, कारण पानं आधणात टाकायचीच नाहीत. उकळी आल्यावर पाणी खाली उतरवून जरासं निवू द्यायचं, ८० ते ९० अंशांपर्यंत. सेंचाला याहून कोमट पाणी लागतं. हा चहा गरम पाणी सोसतो, उलट त्यातच त्याचा वास खुलतो. दीडशे मिलिलिटर पाण्याला तीन-चार ग्रॅम पानं, झाकण, साधारण एक मिनिट. 'मुरवणे' काहीजण सुचवतात, पण लोणचं मुरायला दिवस लागतात आणि इथे मिनिटाचा मामला आहे. 'भिजत घालणे' म्हटलं की मटकी आठवते. केशराचा रंग दुधात उतरतो तसा इथे पानांचा स्वाद पाण्यात उतरतो, म्हणून मी 'उतरू देणे' म्हणेन: 'पानं घाला, झाका आणि मिनिटभर उतरू द्या.'

पेल्यात येतो तो नितळ, पिवळसर चहा. सेंचाचा गडद हिरवा रंग नाही, समुद्री शेवाळासारखा वास नाही, तुरटपणाही बेताचा. पानं सरळ सुईसारखी नसून वळलेली दिसतील, कारण शेवटी ती सरळ करण्याची पायरी यात नसते. पण नुसत्या आकारावरून ओळखायला जाऊ नका: उरेशिनोत वाफवलेला चहाही असाच वळलेला मिळतो. वास घेऊन ठरवा.