एचएसआरपी लावलं आहे, तरी अपलिंक तुटल्यावर दुसरा स्विच ताबा का घेत नाही?

एचएसआरपी म्हणजे दोन स्विचनी मिळून एकच गेटवे पत्ता सांभाळायची सिस्कोची पद्धत: एक ॲक्टिव्ह, दुसरा स्टँडबाय, आणि जास्त प्रायॉरिटीवाला ॲक्टिव्ह. तुमची मांडणी मला समजली ती अशी. ए आणि बी असे दोन सिस्को लेअर ३ स्विच, दोघांना फायरवॉलकडे आपापली केबल, म्हणजेच अपलिंक. व्हीलॅन १० मध्ये (स्विचमधल्या वेगळ्या केलेल्या नेटवर्कमध्ये) ए ला १९२.१६८.१०.२, बी ला १९२.१६८.१०.३, आणि मशीनना गेटवे म्हणून दिलेला व्हर्च्युअल आयपी १९२.१६८.१०.१. ए ची प्रायॉरिटी १२०, बी ची १००. ए बंद केला की बी काम सांभाळतो. पण फक्त ए ची फायरवॉलकडची केबल काढली की सगळ्यांचं नेट जातं आणि ‘शो स्टँडबाय ब्रीफ’मध्ये ए ॲक्टिव्हच दिसतो. ट्रॅक (अपलिंक पडली की प्रायॉरिटी कमी करणारी सोय) लावलेलं असूनही.

एचएसआरपी स्वतःहून फक्त एवढंच पाहतं की समोरच्याचा हॅलो (‘मी जिवंत आहे’ सांगणारा छोटा संदेश) व्हीलॅनमधून येतोय का. हॅलो दर ३ सेकंदांनी जातो, १० सेकंद आला नाही की स्टँडबाय ॲक्टिव्ह होतो. तुमची अपलिंक गेली तरी व्हीलॅनमधले हॅलो चालूच असतात, म्हणून बी च्या दृष्टीने ए ठणठणीत आहे. ट्रॅक त्यासाठीच असतो, पण तुमच्या ट्रॅकच्या ओळीत डिक्रिमेंटचा, म्हणजे प्रायॉरिटी किती कमी करायची याचा, आकडा नाही. तो दिला नाही तर १० धरला जातो. १२० मधून १० गेले, उरले ११०. बी १०० वर. ए अजूनही वरचढच! ओळ अशी करा: ‘स्टँडबाय १० ट्रॅक १ डिक्रिमेंट ३०’. आता ए ९० वर येईल. नुसती बरोबरी होईल असा आकडा ठेवू नका, चांगलं अंतर ठेवा.

दुसरी गोष्ट बी वर आहे. तुम्ही प्रीएम्प्ट (आपली प्रायॉरिटी जास्त असेल तर चालू ॲक्टिव्हकडून ताबा घेण्याची परवानगी) फक्त ए वर दिलंय. ए ची प्रायॉरिटी घसरली तरी तो जिवंत असल्यामुळे, प्रीएम्प्ट नसलेला बी त्याच्याकडून ताबा हिसकावून घेणार नाही. एचएसआरपीमध्ये ते मुळात बंद असतं, व्हीआरआरपीमध्ये (त्याच कामाचा, इतर कंपन्याही वापरतात तो खुला प्रोटोकॉल) चालू असतं. दुसऱ्या कंपनीच्या स्विचवर शिकलेल्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. ‘स्टँडबाय १० प्रीएम्प्ट’ दोन्हीकडे हवं.

ए वर मात्र ‘प्रीएम्प्ट डिले मिनिमम ६०’ असं लिहा. ए रीबूट होऊन आला की व्हीलॅन आधी उठतो, ओएसपीएफ (मार्ग एकमेकांकडून आपोआप शिकणारा प्रोटोकॉल) नंतर जुळतं. मधल्या वेळात त्याने ताबा घेतला, तर बी वर सुरळीत चाललेली वाहतूक मार्गच नसलेल्या स्विचकडे वळते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण एवढं करूनही नेट येईलच असं नाही. पॅकेट बी मधून बाहेर गेलं. परत कुठून येणार? फायरवॉलवर १९२.१६८.१०.० चा स्टॅटिक रूट फक्त ए कडे असेल, तर उत्तरं तुटलेल्या वाटेवरच अडकतील. फायरवॉल आणि दोन्ही स्विचमध्ये ओएसपीएफ चालवा, हे माझं ठाम मत. ते जमत नसेल तर फायरवॉलवर बी कडचा दुसरा रूट जास्त डिस्टन्स देऊन (म्हणजे पहिला गेल्यावरच वापरला जाईल असा) ठेवा. बी वर ‘आयपी राउटिंग’ चालू आहे ना आणि त्याचा स्वतःचा डीफॉल्ट रूट आहे ना, हेही ‘शो आयपी राउट’ने बघून घ्या. राउटिंग चालू केल्यावर ‘आयपी डीफॉल्ट-गेटवे’ची ओळ उपयोगाची राहत नाही.

स्विच आणि फायरवॉलच्या मध्ये मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारा डबा) असेल तर पलीकडची तार तुटूनही पोर्ट अप दिसू शकतो. तिथे लाइन-प्रोटोकॉलऐवजी (पोर्ट अप आहे की डाउन याऐवजी) आयपी एसएलएचा, म्हणजे स्विच स्वतः ठराविक वेळाने करतो तो, पिंग ट्रॅक करा. ए-बी मधल्या ट्रंकवर (अनेक व्हीलॅन नेणाऱ्या जोडणीवर) व्हीलॅन १० चालू असू द्या, आणि त्या व्हीलॅनचा स्पॅनिंग ट्री (स्विचमधले लूप टाळणारी यंत्रणा) रूट ए वरच ठेवा.

मग एका मशीनवरून बाहेरच्या पत्त्यावर सतत पिंग लावून ए ची अपलिंक काढा. त्याच वेळी ए वर ‘शो स्टँडबाय’ बघा: प्रायॉरिटी ९०, कॉन्फिगर्ड १२० असं दिसलं म्हणजे ट्रॅक काम करतोय. बी ॲक्टिव्ह झाला आणि तरी पिंग येत नसेल, तर एचएसआरपी सोडा आणि फायरवॉलचं राउटिंग टेबल उघडा. तरी अडलात तर दोन्ही स्विचचं ‘शो स्टँडबाय’ आणि ‘शो आयपी राउट’ इथे टाका, मी बघतो.