घटपर्णीच्या सुरया वाळतायत

प्रश्न : ताई, दीड महिन्यापूर्वी नर्सरीतून घटपर्णी आणली, ते किडे पकडणारं झाड. पानांच्या टोकांना आठ सुरया (घड्यासारख्या पिशव्या) होत्या, आता एकच उरलीय. नवीन पानं येतायत पण त्यांचं टोक काळं पडतं. पाणी बोअरचं देतो, दर पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळखत, शिवाय सुरईत मेलेल्या माश्या पण टाकतो. काय चुकतंय? – एक वाचक, पुणे

उत्तर : दादा, खत आजच बंद करा, बाकीचं नंतर. हे झाड मूळचं जिथलं, म्हणजे आपल्या देशात मेघालयातल्या गारो, खासी, जैंतिया टेकड्या, तिथे पाऊस इतका की मातीतलं सगळं सत्त्व धुऊन जातं, म्हणून ते किडे पकडून नायट्रोजन मिळवतं. (आपल्या कासच्या सड्यावरची दवबिंदू नावाची वनस्पती पण त्याचसाठी किडे धरते.) त्याच्या मुळांना खत आणि क्षार सोसतच नाहीत. माझ्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) ६४० निघाला, याला ५० च्या खाली लागतो, म्हणजे पावसाचं नाहीतर आरओचं पाणी, तेही मीटरने मोजून.

कुंडीतली माती पण बदलाच. स्फॅग्नम मॉस (एक प्रकारचं शेवाळ) आणि परलाइट (हलके पांढरे दाणे) घ्या, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घेतलं तर तीन-चार पाण्यात धुवा कारण त्यात मीठ असतं. मुळं काळी, केसासारखी, पटकन तुटणारी दिसतील, सडली समजून कापू नका हं, ती तशीच असतात!

आता टोकाचं. नवीन पान नीट बघा, मधली शीर पुढे दोऱ्यासारखी वाढते आणि तिच्या टोकाला मुगाच्या दाण्याएवढी गाठ येते, तीच फुगून सुरई होते. पुण्याच्या उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी की तो दाणाच करपतो. सकाळचं तीन-चार तास ऊन, दुपारी सावली, खाली ट्रेमध्ये खडे आणि पाणी, पण कुंडीचं बूड पाण्यात नको, आणि आजूबाजूला बाकीच्या कुंड्या दाटीने ठेवा. जुन्या सुरया जागा बदलली की वाळतातच, त्यांचं दुःख करू नका, हिरवं पान मात्र कापू नका, पुढच्या दोन-तीन पानांवर लक्ष ठेवा.

माश्या टाकायची गरज नाही, काठावरच्या मधासाठी मुंग्या आपणहून येतात. आतलं पाणी ओतून देऊ नका, तो पाचक रस आहे.

आणि एक कळकळीने सांगते, नर्सरीत बहुतेक संकर जातीच मिळतात, त्याच घ्या. मेघालयातली जंगली जात, जिला गारो लोक मेमांग-कोक्सी म्हणजे भुताची टोपली म्हणतात, ती धोक्यात आहे, जंगलातून उपटून आणलेलं झाड कुणी दिलं तरी नको म्हणा.

प्रश्न : माझी घटपर्णी मस्त आहे पण वेल होऊन लोंबतेय, सुरया पण पहिल्यासारख्या गुबगुबीत नाहीत, लांबट येतायत. कापू का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : बिनधास्त कापा. वेल वर गेला की सुरया लांबट, सडपातळच येतात, रोग नाही तो. खालून नवे फुटवे आले की परत गुबगुबीत येतील. कापलेला शेंडा दोन-तीन पानं ठेवून ओल्या मॉसमध्ये खोचा, वरून पारदर्शक पिशवी घाला आणि दोनेक महिने हलवू नका.